पाच घरांची बाळी

"कानातलं काढ ते."

मारुंजीच्या सोसायटीच्या गेटवर चेअरमन मला म्हणाला. रविवारची सकाळ. मीटिंग नुकतीच सुटलेली, माणसं गेटापाशी गप्पा मारत उभी. मी तितला वॉचमन. नवा नवा लागलेलो. निळा ड्रेस, डोक्यावर टोपी, आणि उजव्या कानाला बाळी. खालच्या मऊ पाळीला न्हाई. वर, जितं कानाचं हाड लागतं, तितं.

"साहेब, नवसाची हाय ती," मी म्हणालो.

"नवस घरी. मुळशीची पोरं कानात बाळ्या घालून काय धंदे करतात ते पेपरात वाचतो आम्ही. पाहुणे विचारतात, गेटवर वॉचमन ठेवलाय का गुंड? नोकरी हवीय ना? मग काढ."

दोघं-तिघं हसले.

काढू कशी? त्या बाळीला फिरकी नव्हती. मी तान्हा असताना सोनारानं तार कानातून ओवली आणि दोन्ही टोकं पिळून बसवली, ती तशीच. मी तसं सांगितलं. चेअरमननं टाकीवर काम करणाऱ्या प्लंबरला हाक मारली. तो बिहारकडचा. पक्कड घेऊन खाली आला. मला माझ्याच स्टुलावर बसवलं. सगळे बघत व्हते.

"हिलना मत भाई," प्लंबर हळूच म्हणाला. पकडीत तारेबरोबर कानबी सापडला. दोनदा दाबलं तवा तार तुटली. तुटल्याली धार आतून ओढली, तशी कातडी फाटली. रक्त कॉलरवर आलं. एका बाईनं तिच्या पोरीचे डोळे झाकले.

चेअरमन म्हणाला, "आता कसा माणसासारखा दिसतोस."

माणसासारखा. म्हणजे सकाळपर्यंत मी कोण व्हतो?

मी तुटकी तार खिशात टाकली आणि गाड्यांना गेट उघडत बसलो. ज्या जागेवर ती सोसायटी उभी हाय, तितं शेतात माझा बा खतासाठी मेंढरं बसवायचा. तवा तितला मालक आमाला चहा पाजायचा. आता त्याच जागेवर मी गाड्यांना सलाम ठोकत व्हतो.

आता त्या बाळीचं सांगतो. आमचं घर घोटावड्याचं. शेरडं-मेंढरं राखणारं. माझ्या आधी आयची दोन लेकरं गेली. एक पाळण्यात, एक चालायला लागल्यावर. मी झालो तशी आय पदर पसरून पाच घरं फिरली. आमच्यात असंच हाय. ज्या घरात लेकरं टिकत न्हाईत, तितं आयनं दुसऱ्याच्या दारात जाऊन लेकराचा जीव मागून आणायचा. कुणी तांदूळ घातलं, कुणी नाणं. त्यातनं पौडच्या सोनारानं बारीक सोन्याची तार केली आणि माझा कान टोचला. लेकराचं लगीन होईस्तोवर ती काढायची न्हाई, असा नवस.

मी घराबाहेर पडायला लागलो की आय दारात यायची. दोन बोटांनी बाळी चाचपायची. बोलायची काय न्हाई. बाळी हाताला लागली की मगच सोडायची. मी दहावी झालो, मिशी फुटली, तरी तिचं ते चालूच. मला लाज वाटायची. पोरं चिडवायची, तुझी आय तुला कुलूप लावलंय का बघती.

त्या दिवशी मी टोपी कानावर ओढून घरी गेलो. आठवडाभर टोपी. जेवताना टोपी. उन्हाळ्याचे दिवस, डोकं उकडून निघायचं. ड्युटीला निघायचो ते मागच्या दारानं. कान सुजून टोमॅटोएवढा झाला, मग वर खपली धरली, आणि आत भोक बुजत गेलं. कानाच्या त्या हाडाचं असंच. टोचलेलं भरून यायला महिनोन्महिने लागतात, पण तार काढली की मिटायला वेळ लागत न्हाई.

एका सकाळी आय मागच्या दाराशीच उभी व्हती. टोपी वर केली. बोटं कानावरनं फिरली. तितंच थांबली.

"कुनी काढली?"

"गेटात अडकून तुटली, आये."

ती रडली असती तर बरं झालं असतं. तिच्या तोंडावरचं रगतच गेलं. मी खिशातली तार पुढं केली. तिनं हातबी लावला न्हाई. "तुटल्याली परत घालत न्हाईत. परत मागाया लागंल," एवढंच म्हणाली.

मला वाटलं, म्हातारी बोलती. सोडून दिलं.

गणपती जवळ आले. चेअरमनचा पोरगा कॉलेजात शिकायचा, ढोलपथकात वाजवायचा. एका संध्याकाळी तो पुण्यातनं कान टोचून आला. उजवा कान. वरच. माझ्या जाग्यावर. सोन्याची तार, दोन मोती, मधी लाल खडा. कान लालभडक झालेला. गेटापाशी बायका गोळा झाल्या. एक म्हणाली बर्फ लाव, एक म्हणाली त्या कुशीवर झोपू नकोस. सगळ्यांच्या तोंडी एकच, काय शोभते रे भिकबाळी!

चेअरमन मोबाईलवर फोटो काढत व्हता. "आमच्या पणजोबांना होती. पोरगा परंपरा जपतोय," म्हणाला.

मी दोन हात लांब उभा. माझ्या कानावर गाठ. त्याच्या घरची ती परंपरा आणि माझ्या कानातली ती गुंडगिरी. माझ्या अंगाची आग आग झाली. पण गाडी आली, मी गेट उघडलं.

त्या उघड्या गेटातनं आय आत आली.

नवं लुगडं नेसलेली. पदर पुढं पसरलेला, त्यात मूठ-मूठ तांदूळ. गावात चार घरं करून ती आल्ती. पाचवं तिनं साहेबाचं धरलं व्हतं. ज्याच्या जिवावर तिचं लेकरू खातंय, त्याचं घर. साहेबानंच बाळी तोडली हे तिला कुटं ठावं व्हतं? मीच खोटं सांगितलेलं.

"लेकराच्या बाळीला कायतरी घाला वं," ती म्हणाली.

आणि तिची नजर त्या पोराच्या कानावर गेली. ती थबकली. सरळ त्याच्यापाशी गेली. डोळ्यात पाणी.

"बाळा, तुज्याबी आयची गेली व्हय रं? किती गेली?"

पोरगा बापाकडं बघायला लागला. आयनं त्याच्या तोंडावरनं हात ओवाळला, कानशिलावर बोटं मोडली. "जग रं माज्या राजा. लई जग."

तिला वाटलं, हेबी माझ्यासारखंच मागून आणलेलं लेकरू. बाळी कशापायी घालतात, तिला एवढंच माहीत. शोभेसाठी घालतात हे तिच्या स्वप्नातबी आलं नसतं.

चेअरमनचं तोंड लाल झालं. "काय अभद्र बोलतेय ही! ऐन सणाच्या तोंडावर! आत कशी आली? ए, हाकल हिला. भिकारी आत सोडायला ठेवलंय का तुला?"

भिंतीवर पाटी व्हती. फेरीवाले व भिकारी यांना सक्त मनाई. रोज सकाळी मीच ती पुसायचो.

आयनं माझ्याकडं बघितलं. आणि अनोळखी माणसाकडं बघावं तसं बघितलं. पदर आवरला. "जाते बाबा, जाते. ढकलू नगा," मला म्हणाली.

मला. नगा म्हणाली. माझी नोकरी जाऊ नये म्हणून पोटच्या पोराला तिनं परकं केलं. ज्याचा जीव दारोदार मागून आणला, त्याला.

पक्कड लागली तवा दुखलं नव्हतं एवढं तितं दुखलं.

"थांब आये," मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो. बायका मागं सरकल्या.

"साहेब, ही माझी आय हाय. तुमी माझी बाळी पकडीनं तोडली, त्या बाळीसाठी ती मागतीया. तुमच्या पोराला तिनं आशीर्वाद दिलाय. घालायचं तर घाला, न्हाईतर घालू नका. पण हाकलायची न्हाई."

कुणी चिमूटभरबी घातलं न्हाई. पोरगा कानाला हात लावून उभा.

"उद्यापासून येऊ नकोस," चेअरमन म्हणाला.

"उद्या कशाला? हे चाललो." टोपी काढून स्टुलावर ठेवली. आयचा हात धरला आणि गेटातनं बाहेर पडलो. गेट उघडंच टाकलं.

वाटंत ती एकदाच बोलली. "गेटात अडकली म्हनला व्हतास."

"व्हय," मी म्हणालो. तिला कळलं. तिनं परत विचारलं न्हाई.

पाचवं घर राहिलं व्हतं. ते मी मागितलं. आमच्याच गावात, अंगावर निळी पँट असताना, दोन्ही हात पुढं करून एका दारात उभा राहिलो. लाज वाटंल असं वाटलं व्हतं. न्हाई वाटली. लाज स्टुलावर बसलो तवा वाटली व्हती.

पौडच्या सोनारानं जुन्या वणाच्या शेजारी टोचलं. जुनी जागा दगडासारखी झाल्ती. सुई हाडातनं जाताना कर्र वाजलं ते मला आतनं ऐकू आलं. पुढं दिवाळी गेली, थंडी गेली, तरी कान ठणकायचा. त्या कुशीवर झोपता येईना. सदरा घालताना अडकायचा. गाठ यायची, पू यायचा. आय मिठाच्या कोमट पाण्यानं धुवायची, हळद-तेल लावायची. मी दात खाऊन बसायचो, पण तार काढ म्हणालो न्हाई.

घोटावड्याकडच्या दोन कारखान्यांनी गेटावरनंच परत पाठवलं. कानातलं काढून ये म्हणाले. न्हाई काढत म्हणालो. आता टेम्पो चालवतो. तसल्याच सोसायट्यांत वाळू टाकतो, विटा टाकतो. तितले वॉचमन माझ्या कानाकडं बघतात. मी त्यांना सांगतो, तुमच्याबी कानात घाला.

माझं लगीन झालं. नवस फिटला. दुसऱ्या दिवशी आयच म्हणाली, "आता काढ बाबा, देवाचं देनं दिलं."

मी न्हाई काढली. देवाचं फिटलं असंल. माझं न्हाई फिटलं. सोनाराकडं गेलो आणि आणखी जाड तार घालून घेतली. आता ती नवसाची न्हाई, माझी हाय. कुणाला काढायची असंल त्यानं पक्कड घेऊन यावं. ह्या वक्ताला मी स्टुलावर बसणार न्हाई.