तुरीच्या थप्पीमागची खिडकी

अंगणवाडीच्या खोलीत उजेड हवा, वारा खेळता हवा, लेकरांशिवाय दुसरं काही ठेवायचं नाही, हे नियम मला तोंडपाठ होते. पण खोली पडली गावातल्या एका बड्या शेतकऱ्याची. आणि डोंगरकडा गावाच्या बाजूला आमच्याकडं कुलूप लागणारी पक्की खोली मोकळी ठेवायची म्हणजे लोकांना पाप वाटायचं. कोणाचं खत, कोणाचं बियाणं, काही ना काही आत येऊन पडायचंच. हिंगोली जिल्हा झाल्यानंतरचा तो पहिला हिवाळा. सकाळी दार उघडते तर काय, निम्मी खोली तुरीच्या पोत्यांनी भरलेली! थप्पी थेट खिडकीच्या वरपर्यंत.

मी तशीच मालकांच्या दारात गेले.

"मोंढ्यात भाव येईपर्यंत राहू द्या बाई," ते हसत म्हणाले. "तूर काय तुमच्या लेकरायला चावून राहिली का?"

"मग लेकरं तुमच्या माडीवर बसवू का?" मी फणकारले. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

थंडी मरणाची होती. लेकरं कुडकुडत होती, म्हणून मदतनीस बाईंनी दार लोटून घेतलं. गाणी सुरू झाली. थोड्या वेळानं लसणाचा वास यायला लागला.

"आज खिचडीत लसूण लई घातला का?" मी विचारलं.

"लसूण? आजून चूल बी पेटवली न्हाई," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात एक पोरगं ओकलं. त्याच्यामागून दुसरं. वास पोत्यांकडूनच येत होता. एका पोत्याची शिवण उसवून आत हात घातला, तर चिंधीत बांधलेली पुरचुंडी हाताला लागली. किडीच्या गोळ्या! धान्यात त्यांचा लसणासारख्या वासाचा विषारी वायू होतो, बंद खोलीत माणूससुद्धा जातं.

"दार उघडा! सगळी बाहेर काढा!"

हाताला येईल ते लेकरू मी दंडाला धरून ओढत होते. अंगणात आल्यावर पाहिलं तर एक पोरगी दिसेना. ती आतच होती, थप्पीला टेकून, मान टाकलेली. बाहेर आणून गालावर चापट्या मारल्या, नाव घेऊन हाका मारल्या. डोळे उघडेनात. हातपाय गार.

तिची आई मालकांच्याच खळ्यावर कामाला होती. ती धावत आली. जीप मिळाली आणि आम्ही कळमनुरीच्या दवाखान्याकडे निघालो. पोरगी आईच्या मांडीवर, मी तिच्या नाकाशी बोट धरून. श्वास लागायचा, थांबायचा, पुन्हा लागायचा. भीतीनं माझा जीव अर्धा झाला होता आणि तोंडाचा पट्टा चालू होता.

"कोणी टाकल्या गं ह्या गोळ्या? मुडदा बशिवला त्याचा! हात झडोत त्याचे!"

आई गप्प. मला वाटलं, मालकाला भिऊन राहिली. त्याचाच मला आणखी संताप आला.

"तू काहून बोलत न्हाईस? लेकरू तुझंच हाय ना?"

तिनं पोरीला आणखी घट्ट धरलं.

डॉक्टरांनी सलाईन लावलं. म्हणाले, "बाहेर लवकर काढलंत, पण आत्ताच काही सांगता येत नाही." आम्ही दोघी खाटेच्या दोन बाजूंना बसून राहिलो. दुपार कलली तेव्हा पोरीनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. मी तिथंच ढसाढसा रडले. आई मात्र रडली नाही. उठून व्हरांड्यात गेली. मी तिच्यामागं गेले.

"बाई, पोती मीच भरली," ती म्हणाली. "मालकानं पोत्याला एकच गोळी सांगितली व्हती. म्या दोन-दोन टाकल्या."

"काहून गं माय?"

"लेकरायच्या खोलीत जाऊन राहिली व्हती ना पोती. किडे निघून लेकरायच्या अंगावर जातील म्हून."

आतून पोरगी आई-आई करत होती. हिचे पाय उचलेनात. शेवटी मीच तिच्या कमरेला हात घातला आणि तिला आत नेलं.