मोहाखालची आग आणि आमचा झिरा

गेल्या उन्हाळ्यात आमचा डोंगर पेटला तो माझ्या सासूबाईंच्या हातून. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर नंतर कुणी म्हणेल, सून झाकत होती.

पेठच्या पुढे आमचा पाडा आहे. तिथे उन्हाळा लागला की मोह गळतो. झाडाखाली वाळका पाला इतका साचतो की फुलं त्यात हरवतात. म्हणून बायका फुलं वेचण्याआधी पाला ओढून ढीग करतात, पेटवतात आणि हातात ओली फांदी घेऊन विझेपर्यंत शेजारी उभ्या राहतात. सासूबाईंनी हे जन्मभर केलं. त्या सकाळी ढीग धुमसत असतानाच घरातून नणंदेची हाक आली. पहिलटकरीण पोर, दिवस भरत आलेले, बाळंतपणाला माहेरी आलेली. चक्कर येऊन खाली बसली होती. आईच ती, फांदी टाकून धावली. लेकीला पाणी पाजून परत वळेपर्यंत आग टेकडीवर चढली होती.

आम्ही सगळे झोडपायला गेलो. रान मोठं, माणसं मूठभर. संध्याकाळी आग वरच्या कड्याला जाऊन आपोआप निजली. उताराच्या पायथ्याशी आमचा झिरा आहे, म्हणजे खडकात खणलेला खड्डा. त्यात झिरपलेलं पाणी वाटीवाटीने हंड्यात भरायचं, हेच आमचं पिण्याचं पाणी. घरासमोर नळाची तोटी आहे, पण तिचा उपयोग शेळी बांधायला. त्या संध्याकाळी झिऱ्यातलं पाणी नितळ होतं. सासूबाईंनी ते डोळ्यांना लावलं आणि मला म्हणाल्या, "वाचलो गं बाई."

मग त्याच आठवड्यात अवकाळी कोसळला. बुंधे अजून धुमसत होते, त्यामुळे सगळ्यांना बरंच वाटलं. पण उतारावर पाणी अडवायला पाला नव्हता, गवताची काडी नव्हती. सकाळी हंडे घेऊन गेलो तर झिरा दिसेना. राख आणि माती येऊन तो काठोकाठ बुजला होता.

आम्ही हातांनी उपसला. आत आलं ते भांडी घासल्यावर उरतं तसं राखेचं पाणी. पुन्हा उपसला. पुन्हा सर आली, पुन्हा बुजला. लुगड्याच्या चार घड्यांतून गाळलं, तुरटी फिरवली, उकळलं. करपट वास काही जाईना. टँकर म्हणे रस्ता संपतो तिथपर्यंत येईल. रस्ता संपतो तिथून आमची चढण सुरू होते, हे टँकरवाल्यांना कोण सांगणार? वणवा म्हटलं की शहरातले माझे नातेवाईक फोनवर झाडांचं विचारत, फार तर मोरांचं. आम्ही काय पितो, हे एकानंही विचारलं नाही. माझं डोकं फिरायचं.

नणंदेला तपासायला आलेल्या नर्सबाईंनी हंड्यात डोकावून स्पष्ट सांगितलं, "हे पाणी हिला देऊ नका. बाळंतिणीला तर नाहीच." बाळंतिणीला प्यायला पाणी, न्हायला पाणी, बाळाचे कपडे धुवायला पाणी. कुठून आणणार होतो आम्ही?

सासूबाईंनी दोन दिवस झिऱ्यावरच काढले. नखं फुटली तरी उकरत होत्या. "आत्या, बस करा," मी हात धरला. "आता नाय करून कसं चालंल?" त्या ओरडल्या, मग तिथेच बसून रडल्या. मीही रडले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच जावयाला निरोप धाडला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं. लेकीला त्या अवस्थेत आईनं परत पाठवल्याचं पाड्यावर कुणी पाहिलेलं नव्हतं. जावई गाडी घेऊन खालच्या रस्त्याला थांबला.

नणंद दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आई, पाणी दे. पिऊन निघते."

सासूबाईंनी हंड्यावरचं झाकण काढलं, आत पाहिलं आणि पुन्हा ठेवलं.

"वाटंत पी," त्या म्हणाल्या.