धुऱ्यालगतची दोन हात जमीन

शांत माणूस दिसला की मला आधी शंका येते. उगाच नाही म्हणत. पुसेगावच्या शाळेत मी चौथीपर्यंत शिकलो, तिथं आम्हाला एक मास्तर होते. वर्गात कितीही गोंधळ होवो, हे आपले हसत बसलेले. आम्ही म्हणायचो, काय देवमाणूस आहे! दोन वर्षांनी कळलं, त्यांना ऐकूच येत नव्हतं. तेव्हापासून कुणी फार शांत दिसलं की मी त्याच्या कानाजवळ टाळी वाजवून बघतो.

प्रेमदासच्या कानाजवळही वाजवली. तो चांगला दचकला. म्हणजे कान ठीक होते, आणि माझी शंका आणखी वाढली.

हा प्रेमदास आडे आमच्या तांड्यातला, नात्यानं माझा पुतण्या. पन्नाशीचा गडी आणि भांडणात पहिला नंबर. मोबाइलवर कुणी सकाळी सकाळी फुलाचं चित्र पाठवलं तरी "मलाच काहून पाठवलं?" म्हणून त्याच्या दारात जाऊन उभा राहणारा. पण त्याचं खरं भांडण चुलतभावाशी, लालसिंगशी. दोघांच्या शेतांमध्ये एक धुरा आहे. धुरा म्हणजे बांध. आमच्याकडे धुरा कोरायची रीत आहे. रीतच म्हणायची, कारण करतात सगळे आणि कबूल कुणी करत नाही. दर हंगामात नांगराचा फाळ वीतभर धुऱ्यात घालायचा. यंदा याने, पुढच्या वर्षी त्याने. अठरा वर्षांपूर्वी त्या धुऱ्यावरून बैलगाडी जायची. मग सायकल जायला लागली. आता मांजर गेलं तरी त्याचा पाय घसरतो.

तर यंदा सोयाबीनच्या पेरणीला प्रेमदासने ट्रॅक्टर धुऱ्यापासून दोन हात अलीकडंच वळवला. दोन हात रुंदीचा लांबच लांब पट्टा तसाच सोडला, पेरणी उरकली, आणि घरी जाऊन भर दुपारी घोरत पडला.

झालं. तांड्याचं डोकं फिरलं. लालसिंग धापा टाकत माझ्याकडे आला.

"उत्तमसिंगकाका, प्रेमदासनं दोन हात जमीन सोडून दिली!"

"मंग बरंच झालं की तुला."

"बरं? अठरा वर्षं यानं मला एक बोट सोडलं न्हाई. आता एकदम दोन हात! काहून? काही तरी डाव हाय. धुऱ्याजवळच्या लिंबावर कॅमेरा बसवला असंल. मी तिकडं फाळ घातला की हा फोटो घिऊन सेनगावच्या कोर्टात."

लिंबाचं झाड मी जाऊन पाहिलं. कॅमेरा नव्हता. मग तांड्यात दुसरी आवई उठली, पट्ट्यात काहीतरी पुरलंय, करणीचं. मी काठीनं चार ठिकाणी टोचून पाहिलं, नुसती माती. मला तर काहीच सापडलं नाही याचाच जास्त संशय आला.

घरातसुद्धा तेच. त्याची बायको पद्माबाई त्याला हिंगोलीला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरने विचारलं, काय होतंय? ही म्हणाली, "तीन आठवडे झाले, भांडत न्हाईत हो!" डॉक्टरने तपासलं आणि सांगितलं, बीपी उतरलाय, तब्येत छान आहे. पद्माबाई परत आली ती रडवेली होऊन. "काका, डॉक्टरबी सामील हाय. एक तर मोठा रोग लपवून राहिले, न्हाई तर हे एखाद्या बाबाच्या मागं जाणार."

शेवटी मी तंबाखूची पुडी घेतली आणि शेत गाठलं. प्रेमदास त्या पट्ट्यातच बसून भाकर खात होता.

"खरं सांग रे पोरा, काय भानगड हाय?"

"हसशाल काका."

"हसायलाच आलो."

तो म्हणाला, "मागच्या पेरणीला माझी नजर सगळा वेळ धुऱ्यावर. लालसिंगनं किती कोरलं, मी किती कोरू. तिकडं पेरणीयंत्राच्या मधल्या नळीत बी अडकलं. सगळ्या शेतात तेवढी ओळ रिकामी गेली, अन् मला पत्ता न्हाई. उगवल्यावर दिसलं. डोक्यात टक्कल पडल्यावानी माझं शेत! तवा कळलं, अठरा वर्षांत मी माझं शेत पाह्यलंच न्हाई. जेवताना धुरा, निजलो की धुरा. यंदा दोन हात दूर झालो अन् त्या दिशी जेवताना कळलं, भाजीत मीठ कमी हाय. पद्मा म्हणली, पंधरा वर्षांपासून तेवढंच घालते."

मी हसलो खरा, पण इतकं साधं कारण कुणाचं असतं का? मनातली अढी काही जाईना.

तोवर लालसिंगने नायकाकडे तक्रार नेली. शंकरसिंग आमच्या तांड्याचे नायक. सकाळी मंदिरापुढं बैठक बसली. नायक म्हणाले, "प्रेमदास, एक तर ती जमीन पेर, न्हाई तर लालसिंगच्या नावानं लिहून दे. मधी लटकत ठेवू नको. साऱ्या तांड्याला तकलीफ होऊन राहिली."

प्रेमदासचा चेहरा उतरला. मानेची शीर टरारली, गळ्यातला गमजा त्याने मुठीत आवळला. जुना प्रेमदास आता बाहेर येतो की काय, म्हणून आम्ही पुढं सरकलो. मागून पद्माबाईचा आवाज आला, "भांडा की एकदाचे!" बिचारीला तेवढाच धीर.

पण तो भांडला नाही. हात जोडून म्हणाला, "नायक, पेरलं की मी पुन्हा धुऱ्यापाशी आलो. लिहून दिलं तर धुराच दोन हात माझ्याकडं सरकंल, पुन्हा तेच. पाह्यजे ती शिक्षा द्या, पण मला तिथं परत उभं करू नका. आता कुठं झोप लागून राहिली मला."

नायकांनी बराच वेळ त्याच्याकडं डोळे बारीक करून पाहिलं. मग ते लालसिंगकडे वळले. "तू पेरतो का मंग ती जमीन?"

"मी?" लालसिंग दोन पावलं मागंच सरला. "मी येडा हाय का? त्यात काय हाय ते मला काय माहीत!"

"मंग राहू दे पडीक," नायक म्हणाले आणि उठले. प्रेमदासने मुठीतला गमजा सोडला, तोंड पुसलं.

लालसिंगची पेरणी तेव्हा व्हायची होती. त्याने केली ती धुऱ्यापासून तीन हात लांब राहून. डावात सापडायला नको! म्हणजे आता मिळून पाच हात. गुडघाभर गवत वाढलंय तिथं. तांड्यातल्या बाया शेळ्या नेतात, पण शेळीने तोंड लावलं की आधी तिच्याकडं टक लावून बघतात, हिला काही होतं का. शेळ्या मात्र झकास आहेत.

परवा लालसिंग पुन्हा माझ्याकडं आला. इकडं तिकडं पाहिलं, आवाज खाली आणला.

"काका, कुणाला सांगू नका. आठ दिस झाले, दुपारी जेवलो की मलाबी गाढ झोप लागून राहिली. ह्या प्रेमदासनं नक्कीच काही तरी केलं."