सुखीबाईनं उघडलेला दवाखाना

लोहाऱ्याच्या एमआयडीसीच्या मागून टेकडीकडे वळलं का आमची वस्ती लागते. बोर्डावर 'नगर' लिवलं हाये, पण आमी अजून तांडाच म्हणतो. बापजाद्यायनं बैलायवर माल वाहला, मग वावरं केले, अन् आता शहर सरकत सरकत आमच्या दारात आलं. नळ आला, टॅक्स आला, सरकारी दवाखानाबी आलता. मग डॉक्टरची बदली झाली, दुसरा कोणी आला नाई, नर्स गेली, अन् गेटले कुलूप लागलं.

कुलूप लागल्यावर सगळे दवाखाना विसरले, एक सुखीबाई सोडून. तिचा आलूबोंड्याचा ठेला गेटासमोरच. पेशंटच्या भरोशावर लावलता. लोक म्हणत, "सुखीबाई, आता चौकात लाव ना, गिऱ्हाईक तरी भेटन." ती म्हणे, "मी हलली तं त्या कुलपाले वाटन, चला, आता आपलंच राज हाये."

मी तिले याडी म्हणतो. आमच्या गोर बंजारा बोलीत याडी म्हंजे माय. माही सख्खी माय नाई ती. माहे मायबाप ऊस तोडाले जात, तवा मी तिच्याच ताटात जेवलो. माहं नाव राजकुमार. नववीत शाळा सोडली, ऑटो चालवतो. याडीबद्दल कोणी वाकडं बोललं तं मी ऐकून घेत नाई, हे पहिलेच सांगून ठेवतो.

याडी ठेंगणी हाये, चालते भरभर, अन् तोंड असं का पोलीसबी बोंड्याचे पैसे देऊन जाते. फक्त एका माणसासमोर ते तोंड बंद. आमचा नायक, प्रेमसिंग. नायक म्हंजे तांड्याचा मोठा माणूस. लग्न असो, भांडण असो, वाटणी असो, तो बसल्याशिवाय काही सुरू होत नाई. अन् हा नायक याडीचा जेठ लागते, नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्यात बाई जेठासमोर घुंगट घेते अन् बोलत नाई. याडी नवरी होऊन आली तवापासून त्याच्याशी एक शब्द बोलली नाई. नवरा गेला, पोरगा संजय लग्नाचा झाला, तरी नाई. काही सांगाचं असलं तं तिसऱ्याच्या तोंडून.

नायक समोर बसला असला तरी ती मले म्हणे, "राजा, सांग त्यायले, बकरी आमच्या वांग्यात शिरली."

नायक म्हणे, "राजा, सांग तिले, कुंपण कर म्हणा."

दोघं हातभर अंतरावर, अन् मधात मी, मोबाईलच्या टावरवानी.

संजयची बायको बबिता पोटुशी राह्यली, अन् याडीनं दवाखान्याचं डोक्यात घेतलं. बबिताचं पहिलं लेकरू शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेतानी रस्त्यातच गेलतं. माह्याच ऑटोत. त्याच्याबद्दल मी जास्त लिवत नाई.

याडीनं आरोग्य खात्याच्या ऑफिसच्या चकरा सुरू केल्या. मी नेऊन सोडो. आत गेली का बोंड्याचं पुडकं साहेबाच्या टेबलावर ठेवे अन् खुर्ची ओढून बसे.

"बाई, हे कशाला?" साहेब विचारे.

"खा ना जी. मी काही काम घेऊन नाई आली. दवाखाना उघडेपर्यंत बसते म्हटलं थोडं."

ती बसे अन् साहेबाची बैठक असली तरी उठत नसे. साहेब कटाळला का त्याले दया आली, देव जाणे. शेवटी म्हणाला, "मंगळवारी अन् शुक्रवारी डॉक्टर पाठवतो. पोळ्यापर्यंत पाहू. पेशंट आले तर कायम, नाही तर परत कुलूप."

मग काय. आमी गेट उघडलं, वटवाघळं हाकलले, बायांनी फरशी घासली, पोट्ट्यायनं चुना मारला अन् एकमेकायलेबी मारला. पहिल्या मंगळवारी डॉक्टर अर्पिता मॅडम आल्या. नवीनच लागलेल्या, चेहऱ्यावर अजून कॉलेज होतं. नायकानं लाल पगडी बांधून त्यायले हार घातला, अन् त्यायच्या खुर्चीजवळ आपली खुर्ची लावून बसला.

त्यात त्याचं काही चुकलं असं तांड्यात कोणालेच वाटलं नाई. पाहुणा आला तं नायकानं त्याच्याजवळ बसाचं. एकटं सोडणं म्हंजे पाहुण्याचा अपमान.

लोक तं मस्त आले. लग्नाले निघाल्यावानी कपडे घालून आले. मानीबाई आत गेली.

मॅडम म्हणाल्या, "या मावशी, काय त्रास होतो?"

मानीबाईनं नायकाकडे पाह्यलं, पदर ओढला. "काही नाई जी, बरं हाये. तुमी कशा हा?"

तिच्यामागून जी आली ती बरीच. ज्या बाईच्या खोकल्यानं अर्धी गल्ली झोपत नाई, तीबी बरी. बबिता गेली. पाय सुजून टम्म, चप्पल घालता येत नाई. नायक तिचा मोठा सासरा. घुंगटातून मान हालवली, "बरं हाये," अन् भाईर.

मॅडमले मीच ऑटोनं आणो-सोडो. एक दिवस त्या म्हणाल्या, "राजकुमार, तुमच्याकडे कोणी आजारीच पडत नाही का? लोक येतात, नमस्कार करतात, चहा पाजतात, जातात. मी साहेबांना काय सांगू? खोटं तर नाही सांगणार."

मी ते याडीले येऊन सांगतलं. तिनं झारा कढईत तसाच धरला.

"बाया कशा बोलतीन? तो बसला हाये ना तिथं."

"मी सांगतो नायकाले, उठा म्हणून."

"गुमान राह्य. पाहुणीसमोर नायकाले उठवलं तं तांडा म्हणन, इज्जत काढली. मग इथं कुत्रंबी दवाई घ्याले येणार नाई. त्यानं आपणहून उठावं."

मी माह्या अकलेनं एक करून पाह्यलं. दारातून आवाज देला, "नायक, तुमचा बैल सुटला, सोयाबीनमधे शिरला." नायक जागचा हालला नाई. म्हणे, "पोट भरलं का येते तो घरी. पाहुणी बसली हाये."

पोळा जवळ आला. शुक्रवारी याडीनं भर गिऱ्हाईकीत गॅस बंद केला, हात पुसले, घुंगट घेतला अन् सरळ आत गेली. मी मॅडमचा चहा घेऊन मागं होतो. याडी स्टुलावर बसली. नायकानं रीतीपरमानं तोंड भिंतीकडे केलं.

"बोला, काय त्रास?" मॅडमनं विचारलं. त्यायच्या आवाजातच होतं का आता हीबी बरीच असन.

"मॅडम, माहं अंग भाईर येते," याडी बोलली. हळू नाई, ठेल्यावर बोलते तशी. "संजय झाला तवापासून. बसलं का येते, जड उचललं का येते. हातानं आत लोटते अन् बोंडे तळाले उभी राह्यते."

नायकाची मान खाली गेली. याडी बोलतच होती. कवा रक्त जाते, कवा लघवी थांबत नाई, सगळं. नायकानं काठी चाचपली, उठला, अन् कोणाकडे न पाहता भाईर निघाला. मी चहा तसाच टेबलावर ठेवला अन् त्याच्या आंधीच पयालो.

नायक गेटाजवळच्या निंबाखाली जाऊन बसला. "राजा," म्हणाला, अन् काठीनं माती उकरत राह्यला.

आता आमच्यात असं हाये का जिथं नायक बसला तिथं बैठक. वरांड्यातले सगळे माणसं उठले अन् निंबाखाली आले. वरांड्यात उरल्या फक्त बाया. बबिता उठली, मग मानीबाई, मग खोकलावाली, अन् मग आत असा गलका झाला का मॅडम दोनदा ओरडल्या, एकेक या, एकेक या. बबिताचं बीपी वाढलेलं निघालं, रक्तबी कमी. गोळ्या भेटल्या. परततानी मॅडम ऑटोत टेकून बसल्या. म्हणाल्या, "इतके दिवस या बाया होत्या कुठे?" मी म्हटलं, "तुमच्यासमोरच होत्या जी."

कुलूप परत लागलं नाई. नायक आता मंगळवार-शुक्रवार निंबाखालीच बसते, अन् बायांचं झाल्याशिवाय एकाही माणसाले आत जाऊ देत नाई. याडीच्या घरी मात्र आला नाई. पोळ्याले त्यानं बैल आमच्या गल्लीतून नेले, तिच्या दारात थांबवले नाई. ती ताट घेऊन उभी होती. मी भांडाले निघालो, तिनं माह्या शर्टाची कॉलर धरली.

"राहू दे. म्हातारा शरमला हाये, रागावला नाई."

मले तं रागावलाच दिसते. पण तिचा जेठ, तिले जास्त मालूम.

हे सगळं लिवू का म्हणून मी तिले विचारलं. म्हणे, "जेठासमोर बोलली, आता कोणाले भेऊ? लिव." ऑपरेशन करा लागते म्हणून मॅडम तिच्या मागं लागल्या हायेत. ती म्हणते, पहिले बबिताचं होऊ द्या. अन् बबिताचे दिवस भरत आले हायेत. मंगळवार-शुक्रवार पाहून लेकरू येत नसते, म्हणून याडीले आता रोजची नर्स पाह्यजे. उद्या सकाळी ऑफिसात जाचं हाये. साहेबाले अजून मालूम नाई.