एका वेळी एकच पाहुणा

चौऱ्याऐंशी वर्षांच्या एका म्हाताऱ्यावर मी जळत होतो. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पुण्यातल्या भावाला नाही, ज्या मित्राबरोबर दर रविवारी इथल्या न्यूनेन गावाच्या आसपास सायकलवर भटकतो त्यालाही नाही. सांगण्यासारखं होतं काय त्यात? पन्नाशीला टेकलेला माणूस, चिप बनवायच्या यंत्रांवर काम करणारा, घर स्वतःचं, आणि जळतोय कोणावर, तर शेजारच्या विधुर आजोबांवर. विमा कंपनीतून निवृत्त, गुडघे गेलेले, कानाला यंत्र.

कोरोनाचं दुसरं वर्ष होतं. सरकारने नियम काढला होता की घरात दिवसाला एकच पाहुणा. बायको डच शिकत होती. माझ्या व्हिसावर इथे आली तेव्हापासून तिचं शिकणं या ना त्या कारणाने मागे पडत गेलेलं, आणि आता कुठे तोंडी परीक्षेला नाव घातलं तर वर्ग स्क्रीनवर गेले. स्क्रीनसमोर ती बोलायलाच लाजायची. पुण्यात शाळेत शिकवलेली बाई, पण तिथे म्यूट करून बसायची. एक दिवस कुंपणापलीकडच्या आजोबांना तिने विचारलं, मला बोलायला शिकवाल का? ते म्हणाले, शिकवणं मला येत नाही, पण माझ्याकडे एक लांबलचक गोष्ट आहे आणि ऐकायला कोणी नाही.

गोष्ट त्यांच्या पणजोबांच्या धाकट्या भावाची. इथलाच विणकर, दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी बायकोला घेऊन जहाजाने अमेरिकेला गेलेला, विस्कॉन्सिनच्या जंगलात. रोज अकराच्या कॉफीला ती जायची. खिडक्या उघड्या, टेबलाच्या दोन टोकांना दोघं. मी वरच्या खोलीत मीटिंगमध्ये असायचो. त्या खोलीतून त्यांचं स्वयंपाकघर दिसतं. ती हसताना दिसायची, हात हलवून काहीतरी सांगताना दिसायची. आवाज यायचा नाही. आला असता तरी मला काय कळणार? इतकी वर्षं इथे राहून माझं डच दुकानातल्या धन्यवादापलीकडे गेलेलं नाही. ऑफिसात सगळं इंग्रजीत चालतं.

रात्री जेवताना ती आम्हाला सांगायची.

“अरे, त्याने तोडलेलं पहिलं झाड कुठे पडलं असेल? थेट स्वतःच्या अर्ध्या बांधलेल्या झोपडीवर!”

“का?” मुलीने विचारलं. एरवी आम्ही मराठीत विचारलं की डचमध्ये उत्तर देणारी मुलगी, गोष्ट ऐकताना मराठीत बोलायची.

“विणकर ना तो. घरात बसून माग चालवणारा. झाड कुठल्या बाजूला कलतं हे बघायचं असतं, ते त्याला कोण सांगणार? त्याची बायको म्हणे शांतपणे म्हणाली, बरं झालं, छप्पर मला आवडलंच नव्हतं.”

दोघी खो खो हसल्या. मी म्हटलं, “आमटी वाढतेस का?”

“बाबा जेलस आहे,” मुलगी म्हणाली.

“कोणावर? मेलेल्या विणकरावर?”

यावर तिघंही हसलो. मी जरा जास्तच.

आता खरं सांगायचं तर विणकरावरही होतोच. आमचे पणजोबाही घर सोडून गेलेले. सासवडहून बैलगाडीत मोट, गुळाची काहील आणि दोन पोरं घालून नीरेच्या कालव्यावर, जिथे तोवर कोणी उसाचं टिपरूही लावलेलं नव्हतं अशा माळावर. पहिल्या वर्षी हिवतापाने त्यांचं एक पोर गेलं. हे सगळं मला लहानपणापासून माहीत आहे. लग्नाच्या पहिल्या वर्षी बायकोने विचारलंही होतं, तुम्ही मूळचे कुठले, तिथे कसे आलात? मी म्हटलं होतं, शेतकरी होते, शेती केली. तेवढ्यावर विषय संपला. मला बोलता येत नाही असं नाही, मी बोलत नाही. आणि आता तीच बाई जेवणाच्या टेबलावर कोणा परक्याच्या गाईचं नावसुद्धा प्रेमाने सांगत होती.

मग मी कामाच्या वेळात, कॅमेरा बंद करून, विस्कॉन्सिनबद्दल वाचायला लागलो. मला जे हवं होतं ते लगेच सापडलं. ते जंगल रिकामं नव्हतं. तिथे पिढ्यान्पिढ्या माणसं राहत होती, आणि त्यांना करारमदार करून तिथून हटवलं गेलं होतं. वाचून मला आनंद झाला. तो आनंद कसला आहे हे मला तेव्हाही कळत होतं.

वसंतात आजोबांचा वाढदिवस होता. मुलं-नातवंडं स्क्रीनवर जमणार होती, आणि विणकराची गोष्ट त्या दिवशी बायकोने डचमध्ये सांगायची असं ठरलं होतं. नातवंडांनी आजोबांकडून ती कधी धड ऐकली नव्हती. भारतीय बाईकडून ऐकतील, असा त्यांचा हिशोब. बायको पोळ्या लाटतानाही वाक्यं घोकायची.

त्या आठवड्यात एका दुपारी ते काठी टेकत आमच्या फाटकाशी आले. माझ्याशी ते इंग्रजीत बोलत.

“ती सुपरमार्केटला गेली आहे,” मी म्हटलं.

“हो, सायकल दिसली नाही. तिला सांगा, शनिवारी अमेरिकेतले नातेवाईकही येणार आहेत. विणकराची खापरपणती स्क्रीनवर असेल!” आनंदाने त्यांचे कान लाल झाले होते.

“मग तिला हेही सांगा,” मी म्हटलं, “की ती जमीन कोणाची होती. तिथल्या माणसांना हाकललं म्हणून तुमच्या विणकराला ती मिळाली. माझ्या बायकोला शौर्यकथा ऐकवताय, तर पूर्ण ऐकवा.”

ते चिडले नाहीत.

“तिने ते दुसऱ्याच आठवड्यात विचारलं,” ते म्हणाले. “त्या माणसांपैकी मागे राहिलेल्या काही कुटुंबांनी पहिल्या हिवाळ्यात मका दिला, म्हणून यांच्यातले जे जगले ते जगले. पुढे ती कुटुंबंही तिथे राहिली नाहीत. शनिवारी ती गोष्ट तिथूनच सुरू करणार आहे. तुम्हाला सांगितलं नाही?”

सांगितलं असणार. मी आमटी मागत असेन तेव्हा.

मग त्यांनी आमच्या वरच्या खिडकीकडे पाहिलं आणि तिथून वळून स्वतःच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. इथली माणसं तोंडावर स्पष्ट बोलतात म्हणतात. ते डचमध्ये “या, या”, म्हणजे हो, हो, एवढंच म्हणाले आणि हळूहळू परत गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा बायकोला फोन आला. रुग्ण वाढताहेत, डॉक्टरांनी कोणाला भेटू नका म्हटलंय, शनिवारचंही राहू दे. तिने फोन ठेवला.

“माझंच चुकलं,” ती म्हणाली.

“काय चुकलं?”

“विणकराची ती छपरावरून बोलणारी पहिली बायको पहिल्याच हिवाळ्यात गेली ना. मी परवा विचारलं, तिला पुरलं कुठे? ते काही बोललेच नाहीत. बाहेर बघत बसले. अरे, त्यांची स्वतःची बायको जाऊन दीड वर्ष नाही झालं. मला कळायला नको?”

बोलायची वेळ ती होती. मी म्हटलं, “म्हातारी माणसं असतात हळवी. तू नको मनाला लावून घेऊस.”

आणि हेही सांगून टाकतो: दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ती घरातच होती, आणि मला बरं वाटलं. मी खाली येऊन चहा करू का विचारलं. ती नको म्हणाली.

मुलीने एकदोनदा विचारलं, पुढे काय झालं विणकराचं? “संपली गोष्ट,” बायकोने सांगितलं. परीक्षा तिने पुढे वर्षभराने दिली, पासही झाली. आता ती दिवसभर डच बोलते. गोष्ट मात्र कुठल्याच भाषेत सांगत नाही. कोणाच्या घरचं काही विचारायची वेळ आली की गप्प बसते. चौकस बाई होती ती.

आजोबा त्याच वर्षी त्यांच्या मुलीकडे ब्रेडा शहरात राहायला गेले. दर नाताळात बायको त्यांना कार्ड पाठवते आणि त्यात माफी मागते. ते उत्तर देतात की तुझं काहीही चुकलेलं नाही. कोणाचं चुकलं ते लिहीत नाहीत. एका ओळीचं काम होतं, पण आमच्या घरात वाद नको म्हणून त्यांनी ती ओळ कधी लिहिली नाही. त्यांच्या त्या चांगुलपणावरही मी काही दिवस जळलो.

आजोबा आता अठ्ठ्याऐंशीचे आहेत. बायकोला मी एक वाक्य देणं लागतो: तुझ्या प्रश्नाने काही बिघडलं नव्हतं, मी बिघडवलं. ते तिने इथे छापलेलं वाचण्याआधी माझ्या तोंडून ऐकायला हवं. आणि आजोबांना मी तो शनिवार देणं लागतो. दोन्ही अजून दिलेलं नाही.