सासनकाठीवरचं घरटं

मिरच्यांची देठं अर्धीच काढून झाली होती. हात झोंबत होते आणि लक्ष सारखं वळचणीकडं. तिथं सयाजी भावजी पहाऱ्याला उभे.

भावजी म्हणजे आमच्या ह्यांचे चुलतभाऊ. कसबा बावड्याच्या कारखान्यात फिटर. सुट्टी झाली की गळ्यात दुर्बीण अडकवून ओढ्याकडं. गल्ली त्यांना ‘पाखरांचं पाटील’ म्हणते. चार मित्र जमवून त्यांनी पक्षिमित्र मंडळ काढलं. दर चैत्रात चौकातल्या फळ्यावर खडूनं पाखरांच्या बातम्या लिहितात.

यंदा, दोन हजार चार साली, लिहिलं: ‘जोतिबाच्या सासनकाठीवर बुलबुलाचं घरटं. तीन पिल्लं.’ गल्लीची ती उंच वेळूची काठी वर्षभर आमच्या वळचणीला आडवी टांगलेली असते. चैत्री यात्रेला सजवून जोतिबाच्या डोंगरावर नेतात. झालं! बघायला गल्ली लोटली. शेजारच्या बयाबाईंनी तर देवाचा कौल समजून खाली धूप पेटवला. धुरानं पिल्लांची आई जी उडाली, ती तारेवर बसून नुसती ओरडत राहिली.

‘बयाबाई, पाखरू हाय ते! धुरानं मारताय व्हय?’

‘तूच लिवलंस की रं, जोतिबाच्या काठीवर म्हणून!’

भावजींनी फळा पुसला, माणसं हाकलली. आई परत आली. पण उद्या सकाळी काठी उतरवायची, आणि पिल्लांना अजून पिसं नव्हती. भावजींना घास जाईना. काठी न्यायचा मान गल्लीतल्या गणपतरावांचा. त्यांच्यापुढं बोलायचं धाडस होईना. मलाही आज सकाळी पोथी वाचताना ओळ सापडत नव्हती. देवाचं अडवायचं, की पिल्लं मरू द्यायची?

शेवटी मीच उठून गणपतरावांकडं गेले.

‘देव थांबतोय व्हय पाखरासाठी?’ गणपतराव भडकले. ‘सयाजीला म्हणावं, दुर्बिणीतनं यात्रा बघ.’

‘देवाला कशाला थांबवायचं, मामा? वेळूच दुसरा घेऊ. कापड, तुरा सगळं तेच. चांगभलं म्हणत निघताना मागं तळतळाट कशाला?’

ते मिशी चोळत बसले. मग म्हणाले, ‘सांजच्याला नवा वेळू दारात पायजे. सरळ, बिनकिडीचा. न्हाय आला तर हीच काठी उतरणार. मग सयाजीनं तोंड उघडायचं न्हाय.’

घरी येऊन सांगितलं, तर भावजी जागचे हलेनात. ‘मी गेलो आन् बयाबाई परत आल्या, तर वो वहिनी?’

त्यात खोटं काही नव्हतं. ऊन उतरायला लागलेलं. आता मलाच बुरूड गल्लीत जाऊन वेळू आणायचा आहे.