बँकेनं राखलेला जावयाचा मान

बँकेत गेल्यावर तोंड बंद ठेवावं, हे मला माझ्या बापानं शिकवलं नाही. त्याचं बँकेत खातंच नव्हतं, त्यामुळे त्यालाही दोष देता येत नाही. दोष माझ्या तोंडाचा. ते लहानपणापासून सैल आहे, आणि पुढे मी धंदाही असा निवडला की ते आणखी सैल व्हावं. राहात्यात माझा मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा होता. कनाती, सतरंज्या, घडीच्या खुर्च्या, एक अॅम्प्लिफायर आणि चार भोंगे. लग्न कुणाचंही असो, "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" हे पहिलं मंगलाष्टक माझंच असायचं.

गावातल्या सहकारी बँकेत माझं चालू खातं होतं. एका लग्नसराईतली उलाढाल बघून बँकेनं मला छोटासा ओव्हरड्राफ्ट मंजूर केला. म्हणजे खात्यातले पैसे संपले तरी एका मर्यादेपर्यंत बँकेचे उचलता येत. मला वाटलं, बँकेनं मला दत्तकच घेतलं. त्यानंतर मी ओव्हरड्राफ्ट हा शब्द सोयरिकीच्या बैठकीतसुद्धा वापरायला लागलो.

नव्वदच्या दशकातलं ते साल अधिक महिन्याचं होतं. धोंड्याच्या जेवणाला पारनेरकडून अक्का आणि दाजी आले. अक्का माझी थोरली बहीण, दाजी तिचे यजमान, म्हणजे आमच्या घरचे जावई. आईनं पुरणाचे धोंडे केले, अनारशांचं ताट भरलं, चांदीचं निरांजन दिलं, मी दाजींना पोशाख केला. दुसऱ्या दिवशी दाजी म्हणाले, "चला, गाव तरी दावा." राहात्यात जावयाला दाखवण्यासारखं काय? पेरूच्या बागा त्यांनी एसटीतून पाहिल्या होत्या. मग मी त्यांना जिथं मला मान होता तिथं नेलं. बँकेत.

मॅनेजरसाहेबांनी चहा मागवला. चहा आला आणि माझं तोंड सुटलं. दाजींच्या खांद्यावर हात टाकून मी सगळ्या स्टाफला ऐकू जाईल असं म्हणालो, "साहेब, हे आमचे जावई. हे आणि मी वेगळे न्हाई. ह्यांनी कधी काही मागितलं तर न्हाई म्हनायचं न्हाई. माझं खातं ते ह्यांचं खातं!"

साहेब हसले. दाजींनी मान खाली घातली. मला वाटलं, काय नम्र माणूस! पण नम्र माणूस इतका वेळ मान खाली ठेवत नाही. टेबलावरच्या काचेखाली बँकेच्या नियमांचा कागद होता, दाजी तो वाचत होते.

महिनाभरानं मी गणपतीच्या मंडपांचं कापड आणायला नगरला गेलो. दोन मंडळांनी मला सुपारी दिली होती. कापडबाजारातले शेठ मला इतकी वर्षं शब्दावर माल द्यायचे. या वेळी त्यांना आगाऊ चेक पाठवला होता, तो त्यांनी दुकानातल्या चार गिऱ्हाइकांसमोर गल्ल्यातून काढला आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून माझ्यापुढे नाचवला.

"हा तुमचा चेक. परत आलाय."

"काहीतरी चूक झाली असंल, शेठ."

"झाली ना. मी घेतला ही चूक झाली. आता रोख आणा, नाहीतर कापड विसरा."

कापड नाही म्हणजे मंडप नाही. मंडप नाही म्हणजे त्या दोन मंडळांची पोरं माझ्या दारात, आणि पुढच्या वर्षी माझ्या भोंग्यांवर कोंबड्या. परतीच्या एसटीत मी बँकेला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या, की शेजारच्या बाईनं विचारलं, "दादा, उलटी येतीया का?"

बँकेत उलगडा झाला. आदल्या आठवड्यात दाजी एकटेच येऊन गेले होते. काउंटरवरून एक सुटा चेक घेतला, त्यावर माझी सही ठोकली आणि पंधरा हजार रुपये उचलून पारनेरची गाडी पकडली. तेवढे पैसे माझ्या खात्यात नव्हते. ओव्हरड्राफ्टच्या मर्यादेतही बसत नव्हते. तरी दिले. मग माझा चेक आला तेव्हा मात्र बँकेला मर्यादा आठवली आणि तो परत पाठवला. वर मर्यादा ओलांडल्याचा दंड, जादा व्याज आणि चेक परतीचा खर्च मिळून चारशे सत्तर रुपये माझ्याच नावावर टाकले.

मी तो चेक मॅनेजरसाहेबांपुढे आपटला. "ही सही माझी हाय का?"

त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "तुमच्यासारखी आहे."

"साहेब, मी मराठीत सही करतो. ही इंग्रजीत हाय."

"मग जावई शिकलेले दिसतात."

"अहो, पण दिले कसे तुमी?"

"तुम्हीच सांगितलंत. नाही म्हणायचं नाही. सगळ्या स्टाफनं ऐकलंय."

"जावयाला तसं समदेच म्हनतात! घर तुमचंच हाय, असंबी म्हनतो आमी. म्हनून ते उद्या घर विकतील?"

"तो तुमचा घरगुती प्रश्न," साहेब म्हणाले. "तुम्ही असं करा. सही खोटी आहे म्हणून जावयावर पोलिसांत तक्रार द्या. तिची नक्कल आणा. मग दंडाचं बघू."

हे बोलताना ते हसले. ते हसले नसते तर पुढचं काही झालं नसतं. मी अर्जबिर्ज करून गप्प बसणारा माणूस. पण त्या हसण्यात त्यांचा सगळा हिशोब होता. आईच्या डब्यात अजून अनारशाचं पीठ शिल्लक असताना मी जावयाला कोठडीत घालणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यात अक्का पंचमीला माहेरी आलेली. दाजींनी वडापच्या, म्हणजे गावोगाव सीटा भरून नेणाऱ्या जीपमध्ये भागी घेतलीय, बँकेनं कर्ज दिलं म्हणे, असं ती आईला कौतुकानं सांगत होती. आई जीपची दृष्ट काढायचं बोलत होती. मी भिंतीकडे तोंड करून चहा पीत होतो.

त्या दिवसांत मी सुडाचे बेत केले ते आज सांगायलाही लाज वाटते, तरी सांगतो. साहेबांच्या मुलीचं लग्न ठरेल तेव्हा नेमका अक्षता पडताना अॅम्प्लिफायर बंद पाडायचा. त्यांच्या घरामागे एक भोंगा बांधून पहाटे टेस्टिंग सुरू ठेवायचं. दाजींच्या जीपच्या पेट्रोलच्या टाकीत अनारशाचं पीठ, हाही एक बेत होता. अडचण एवढीच की साहेबांना मुलगी नव्हती, घर भाड्याचं होतं आणि जीप डिझेलवर चालायची.

आणि मग बँकेचा शिपाई निरोप घेऊन आला. "शनिवारी वार्षिक सभा हाय. शाळेच्या मैदानात मंडप टाका. भोंगे चारीबी लावा, चेअरमनसाहेब बोलनार हायत."

मी त्या शिपायाला चहाबरोबर भजीही खाऊ घातली.

त्या शनिवारइतका मन लावून मंडप मी स्वतःच्या लग्नातही टाकला नव्हता. स्टेजवर एक उभा माईक. अध्यक्षांच्या टेबलावर, फुलांच्या कुंडीआड, आणखी एक बारका माईक. दोन भोंगे मैदानाकडे, तिसरा एसटी स्टँडकडे, चौथा बाजारपेठेच्या दिशेला. सभेला न आलेल्या सभासदांनी ऐकायला नको? मग शाल घेतली, नारळ घेतला, दोन्ही पदरमोड करून, आणि स्टेजवर चिठ्ठी पाठवली: एका सभासदाला मॅनेजरसाहेबांचा सत्कार करायचा आहे.

प्रश्न विचारायचाय म्हटलं असतं तर 'वेळ झाल्यास घेऊ' म्हणाले असते, आणि वेळ कधीच होत नाही. पण आमच्याकडे सत्काराला नाही म्हणायची पद्धत नाही. मयताला आलेला माणूससुद्धा शाल पुढे केली की खांदे झुकवतो. चेअरमन माईकवरून म्हणाले, "या, या! मंडपवाल्यांनाबी बँकेचं प्रेम हाय बघा."

मी वर गेलो. साहेबांच्या खांद्यांवर शाल टाकली, हातात नारळ दिला. शाल सावरायला एक हात, नारळाला दुसरा. साहेबांचे दोन्ही हात अडकले, तसा मी माईक घेतला.

"सभासद बंधूंनो, बँका लई हायत, पर जावयाचा मान राखनारी बँक आपलीच. आमच्या जावयांनी माझ्या खात्यावर माझी सही केली. इंग्रजीत! मी अडानी, मराठीत करतो. पर साहेबांनी सही बघितलीच न्हाई, जावई बघितला. खात्यात पैसं नव्हतं. मर्यादाबी संपली हुती. तरी पंधरा हजार दिलं! आन् ह्या मानाचा आहेर म्हनून चारशे सत्तर रुपये दंड माझ्याच खात्यातून घेतला. ज्यांना ज्यांना जावई हाय त्यांनी सोमवारी घेऊन यावं. साहेब कुनालाच न्हाई म्हनत न्हाईत."

पहिल्यांदा हशा पिकला. मग तो एकदम थांबला. मंडपात बसलेल्या निम्म्या लोकांना जावई होते. एक म्हातारा खिशातलं पासबुक काढून उलटसुलट करायला लागला. साहेब नारळ ठेवायला जागा शोधत होते, आणि मला इतका आनंद झाला होता की तो पुन्हा कधी झालेला नाही.

चेअरमन मुरलेले. त्यांनी हसतहसत माझ्या हातातला माईक काढून घेतला, त्याचं बटण बंद केलं आणि मला टेबलाशी ओढून हळूच म्हणाले, "काय पायजे तुला?"

कुंडीआडचा माईक चालू होता. चारही भोंगे चेअरमनच्या आवाजात गरजले, "काय पायजे तुला?"

मी म्हणालो, "दंड मागं घ्या. आन् चूक बँकेची हुती असं नगरच्या शेठला पत्र द्या."

"देतो. उतर खाली. आन् हे बाहेर कुनाला बोलायचं न्हाई."

हे बाहेर कुनाला बोलायचं न्हाई, हे वाक्य पेरूच्या बागांपर्यंत गेलं असावं. मागून कुणीतरी ओरडलं, "चेअरमन, आमचाबी दंड!" मग दुसरा, मग तिसरा. अहवाल, ताळेबंद, लाभांश, सगळं बाजूला राहिलं. लोक खुर्च्यांवर उभे राहिले. खुर्च्या माझ्याच होत्या, दोन मोडल्या, पण मी एका शब्दानं कुणाला बोललो नाही.

अंधार पडायच्या आत सामान आवरून, शीळ घालत घरी आलो. अक्का उंबऱ्यात बसली होती. शेजारी बांधलेली पिशवी. आई आत भांड्यांचा नुसता आवाज करत होती.

चौथा भोंगा मी बाजारपेठेकडे बांधला होता. आमचं घर बाजारपेठेच्या तोंडाशीच आहे. सगळ्या राहात्याला ऐकू जावं म्हणून मी एवढी व्यवस्था केली, आणि आपलं घरही राहात्यातच आहे हे विसरलो.

"तुमच्या दाजींची इंग्रजी सही लई चांगली हाय म्हनं," अक्का म्हणाली.

"अक्का, तुला सांगनार हुतो..."

"मला सांगता आलं न्हाई. भोंग्याला बरं सांगता आलं."

"तुला वाईट वाटलं असतं."

"मग आता काय, मला पेढे वाटू वाटतेत?" ती उठली. "तुझ्या तोंडानं त्यांना वाट दावली, आन् तुझ्याच तोंडानं मला गावात उघडं पाडलं. दोघंबी सारखेच. हे आनी मी वेगळे न्हाई, असंच म्हनला हुतास ना बँकेत? बरोबर हाय ते."

 बँकेवर उगवलेल्या सुडाची चव तेवढ्यापुरती तोंडातून गेली. तेवढ्यापुरतीच, खोटं कशाला बोलू.

सोमवारी दंड परत जमा झाला आणि शिक्क्याचं पत्र मिळालं. मी ते घेऊन नगरला गेलो. शेठनी वाचून बाजूला ठेवलं. मी म्हणालो, "मोठ्यानं वाचा की. चेक तुमी चार लोकांत दावला हुता." दुकानात त्या वेळी कुणी नव्हतं, म्हणून मी गिऱ्हाईक यायची वाट पाहत बसून राहिलो. शेवटी दोन बायका परकराचं कापड घ्यायला आल्या, तेव्हा शेठनी ते पत्र त्यांच्यासमोर वाचलं. त्या बायकांना काय कळलं देव जाणे. मी मंडपाचं कापड घेऊन परत आलो. गणपती थाटात बसले.

त्याआधीच अक्का दाजींना घेऊन आली होती. जीपमधली भागी तिनं मोडायला लावली होती. पैसे तिच्या पिशवीत, दाजी तिच्या मागे. मला म्हणाली, "चल बँकेत." काउंटरवर तिनं भरणा स्लिप दाजींच्या पुढे सरकवली. दाजींनी ती भरली आणि सहीपाशी थांबून तिच्याकडे पाहिलं.

"मराठीत," अक्का म्हणाली. "आन् आपली सोताची."

मॅनेजरसाहेब केबिनमधून बघत होते. या वेळी चहा आला नाही.

बँकेच्या सभेचं काम मला त्यानंतर कधी मिळालं नाही. चेअरमननी कोपरगावहून मंडपवाला आणायला सुरुवात केली. माझी बायको दर वर्षी मला सांगते की चारशे सत्तर रुपयांपायी मी किती भाडं घालवलं. ती आकडाही सांगते. मी ऐकतो, आणि कोपरगाववाल्याचे भोंगे खरखरताना ऐकून मनातल्या मनात गुदगुल्या करून घेतो.

तीन वर्षांनी पुन्हा अधिक महिना आला. आईनं पुन्हा अनारशाचं पीठ भिजवलं, आणि दाजी पुन्हा आले. माणूस निर्लज्ज नव्हता, आमंत्रणच आईचं होतं. पाटावर बसले, ताट वाढलं गेलं, आणि ते संकोचानं हात मागे घेऊन बसून राहिले. अशा वेळी आमच्याकडे यजमानानं काय म्हणायचं हे ठरलेलं आहे. आई माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं. समोरून अक्कानं माझ्याकडे पाहिलं.

"दाजी," मी म्हणालो, "घर आमचं हाय. तुमी पोटभर जेवा."